कंदात मुंग्या, कंदात वारा: पापुआ न्यू गिनीच्या डोंगरात मुंगी-वनस्पती कशी पाहावी, कशी ओळखावी

गोरोक्याला मी गणित शिकवायला गेले होते, झाडं बघायला नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी मोजमापांचा फार कीस काढायला लागले की तुम्ही समजून घ्याल. २०१६ ते २०१९ अशी तीन वर्षं मी पापुआ न्यू गिनीच्या त्या डोंगराळ भागात राहिले. गाव समुद्रसपाटीपासून साधारण १,६०० मीटरवर आहे. पहिले दोन महिने आमच्या आवाराबाहेरच्या एका उंच झाडावर मला नारळाएवढा तपकिरी गोळा दिसायचा. गांधीलमाश्यांचं पोळं असणार असं ठरवून मी वळसा घालून जायचे. एका सकाळी सहज दुर्बीण लावली, तर पोळ्याला पानं फुटलेली. ती होती मुंगी-वनस्पती, आणि तो गोळा म्हणजे तिचा फांदीवर बसलेला कंद.

तिथून पुढे दर शनिवारी मी डोंगरात. सोबतीला शेजारच्या वाडीतले एक आजोबा असायचे. तिथे आजी-आजोबांना आणि नातवंडांनाही ‘बुबू’च म्हणतात, म्हणून ते माझे बुबू. मी त्यांची ‘टिसा’, म्हणजे शिक्षिका. बोलणं टोक पिसिन भाषेत चालायचं आणि ते मला अर्धंमुर्धंच यायचं. त्यातून झालेल्या एका घोटाळ्यानेच मला या विषयातली सगळ्यात मोठी गोष्ट शिकवली. ती पुढे येईलच.

आधी हे ठरवा: मुंगी-वनस्पती कशाला म्हणायचं

मुंग्या फिरताना दिसल्या म्हणून कुठलंही झाड मुंगी-वनस्पती होत नाही. मुंग्या कुठेही घर करतात: नेच्याच्या मुळांच्या गुंत्यात, सालीखाली, पोखरलेल्या फांदीत. मुंगी-वनस्पती ती, जी स्वतःच्या अंगात पोकळ्या तयार करते, मुंगी येवो वा न येवो. वाक्याचा शेवटचा तुकडा पाठ करून ठेवा. जावातल्या बोगोरच्या उद्यानात मेल्खिओर ट्रॉयब या डच वनस्पतिशास्त्रज्ञांनी १८८३ साली हे दाखवून दिलं: मुंग्या नसतानाही या कंदांमध्ये पोकळ्या आपोआप तयार होतात. त्याच्या दोनेकशे वर्षं आधी अँबोन बेटावर बसून रम्फियस या निसर्ग-अभ्यासकाने नेमकं उलटं लिहून ठेवलं होतं, की मुंग्यांच्या वारुळातूनच हे झाड उगवतं. त्याला हसू नका. मला तर ते गांधीलमाश्यांचं पोळं वाटलं होतं.

डोंगरात तुम्हाला जे दिसणार त्यातलं बहुतेक सगळं कॉफीच्या कुळातलं आहे. याचा गोरोक्यात मोठा फायदा होतो, कारण चहूकडे कॉफीच्या बागा आहेत. पहिला धडा बागेतच गिरवा. कॉफीची फांदी जवळून बघा: पानं समोरासमोर जोडीने आलेली, आणि दोन देठांच्या मध्ये खोडाला चिकटलेलं एक छोटं त्रिकोणी उपपर्ण. ही जोडी आणि हा त्रिकोण एकदा डोळ्यांत बसला की वीस मीटर वरच्या पुंजक्यात ‘हे कॉफीचं भाऊबंद आहे की भलतंच’ याचा अंदाज यायला लागतो. ऑर्किडचे फुगीर कंद लांबून फसवतात, पण त्यांच्या पानांच्या शिरा सरळ समांतर धावतात. बांडगुळाची गाठही फसवते. मात्र बांडगूळ यजमान झाडाच्या लाकडात घुसलेलं असतं, तर मुंगी-वनस्पती फांदीला मुळांनी नुसती धरून बसलेली असते, यजमानाचा रस पीत नाही.

कुठे बघायचं

घनदाट, अंधाऱ्या रानात शिरून वर बघत बसू नका. मी पहिले चार शनिवार असेच घालवले. मान दुखली, एक कंद दिसला नाही. या झाडांना उजेड लागतो. म्हणून धारेवरची एकटी झाडं, रानाची कड, रस्त्यासाठी कापलेल्या उताराच्या वरची झाडं, जुन्या वाडीतली राखलेली झाडं, असा क्रम ठेवा. शेताच्या कडेला आणि कॉफीवर सावलीसाठी तिथले लोक सुरूच्या जातीचं एक झाड लावतात. टोक पिसिनमध्ये त्याचं नाव ‘यार’. (होय. तीन वर्षं मी ‘यारवर काय दिसतंय’ असं विचारत फिरले.) यारची पानं सुईसारखी, त्यामुळे आत उजेड पोचतो आणि आपल्यालाही आरपार दिसतं. नवख्याने सुरुवात यारपासूनच करावी. वर गेल्यावर ओकच्या कुळातलं कॅस्टॅनॉप्सिस आणि त्याहून वर दक्षिणी बीच लागतात. तिथे फांद्यांवर शेवाळाचे जाड लोंबते थर असतात, आणि कंद त्यात अर्धा बुडालेला असतो. गोल आकार शोधू नका. शेवाळातून अचानक बाहेर आलेला चकचकीत, जाडसर पानांचा झुबका शोधा, आणि मग त्याच्या बुडाशी या.

आणखी वर, ३,००० मीटरच्या पुढे, उघड्या गवताळ माळावर यातल्या काही जाती चक्क जमिनीवर वाढतात. तेव्हा फक्त झाडांवर नजर ठेवून चालणाऱ्याच्या पायाखालीच एखादा कंद यायचा.

कधी बघायचं

कोरडे महिने मे ते ऑक्टोबर. कोरडे म्हणजे पाऊस दुपारनंतर येतो, एवढाच अर्थ. सकाळी सहाला आकाश धुतल्यासारखं असतं आणि दहा-अकराला ढग धारेवर चढतात. गोरोक्याहून शेजारच्या चिंबू प्रांताकडे जाताना महामार्गावर दाउलोची खिंड लागते, साधारण २,४५० मीटरवर. तिथे अकरा वाजता दुर्बिणीतून मला बऱ्याचदा फक्त पांढरं दिसलेलं आहे.

पण इथे एक पेच आहे. झाड बघायला सकाळ चांगली, मुंग्या बघायला नाही. २,००० मीटरच्या वर पहाटे चांगलीच थंडी असते आणि मुंग्या आत गप्प असतात. सकाळी सातला कंद शांत दिसला म्हणून वहीत ‘मुंग्या नाहीत’ लिहून मोकळं होऊ नका. एक कंद निवडा, त्याच्यासमोर बैठक मारा, आणि ऊन कंदावर येईपर्यंत उठू नका. दिवसात पंधरा कंदांना भोज्जा करण्यापेक्षा दोन कंदांपुढे तीन-तीन तास बसलेलं मला जास्त फळलं. बुबूंना हे फार पटायचं, कारण ते तेवढ्यात रताळी भाजून घ्यायचे.

काय न्यायचं

आठ पट मोठं दाखवणारी आणि जवळचंही टिपणारी दुर्बीण. दहा पटीचं भिंग. सेंटीमीटरच्या खुणा केलेली काठी. पेन्सिल, कारण पेनाची शाई पावसात वाहून जाते. आणि माझ्या मते सगळ्यात कामाची वस्तू: मोबाइलला जोडता येणारा, साडेपाच मिलिमीटर जाडीचा, पाण्यात चालणारा एंडोस्कोप. नळात काय अडकलंय ते बघायला प्लंबर वापरतात तोच. त्याच्यामुळे कंद न कापता आत डोकावता येतं.

उंचीमापकाबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण त्याने माझी तीन महिन्यांची वही वाया घालवली. घड्याळातला उंचीमापक हवेच्या दाबावरून उंची काढतो. उष्ण कटिबंधात हवेचा दाब रोज दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो, हवामान अगदी स्थिर असलं तरी. दाबात एक हेक्टोपास्कलचा फरक पडला की त्या उंचीवर साधारण दहा मीटरची चूक होते. मी सकाळी घरी घड्याळ लावायचे आणि दुपारी वर नोंद करायचे. एकाच कंदाची उंची तीन शनिवारी तीन वेगळी आली तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. गणिताची शिक्षिका असून! तेव्हापासून वर जाताना आणि उतरताना एकाच ठरलेल्या दगडापाशी आकडा वाचायचा आणि दोन्हींतला फरक नोंदींत वाटून द्यायचा. उंचीचा एवढा हट्ट कशासाठी, हे ‘वारा’ च्या गोष्टीत कळेल.

‘सालाट’ची ओळखही करून घ्या. ती तिथली खाजऱ्या पाल्याची वनस्पती. हात लागला की तासभर आग. बुबू मात्र चढ चढून पाय भरून आले की तीच पानं पोटऱ्यांवर मुद्दाम घासायचे. मी एकदा करून पाहिलं. दुखणं खरंच विसरायला होतं, कारण दुसरं काही सुचतच नाही.

ओळख: आधी खोड, मग कंद

लोक कंदापासून सुरुवात करतात. मी म्हणते खोडापासून करा. कंद वयाप्रमाणे, फांदीच्या जाडीप्रमाणे, जखमांप्रमाणे रूप बदलतो, खोड तेवढं खोटं बोलत नाही.

ओळखायचे मुख्य वंश दोन: मिर्मेकोडिया आणि हिडनोफायटम. मिर्मेकोडियाचं खोड जाड, आखूड, बोटाएवढं किंवा त्याहून जाडजूड. एकच, नाहीतर दोन-तीन. पानं मोठी आणि सगळी शेंड्याशी गोळा झालेली, म्हणून लांबून एका बुटक्या दांड्यावर पानांचा तुरा बसवल्यासारखं दिसतं. आता दुर्बीण खोडावर आणा. पानं गळून गेलेल्या जागी तुम्हाला ढाली दिसतील: प्रत्येक जुन्या पानाच्या बुडाशी खोडाचा फुगीर, ढालीच्या आकाराचा उंचवटा, एकावर एक रचल्यासारखे, आणि प्रत्येक ढालीच्या कडेने काट्यांची झालर. फणसाच्या सालीवर कुणीतरी नीट ओळीत पानं डकवून मग काढून घेतली असावीत, तसं. दोन ढालींच्या मध्ये खोलगट खोबणी असते. फुलं त्या खोबणीत बसतात, लहान, पांढरी, चार पाकळ्यांची, अर्धी लपलेली. माझ्या एका कंदावर मी सहा आठवडे फूल शोधत होते. फळ दिसलं तेव्हा कळलं की फुलं येऊन गेलीसुद्धा. मिर्मेकोडियाच्या काही जातींत फूल स्वतःच्याच परागाने फळतं, आणि काहींत तर ते नीट उमलतही नाही, तेव्हा वाट बघून दमू नका.

कंदावरही बहुतेक वेळा काटे असतात. ते काटे म्हणजे मुळांचंच बदललेलं रूप. काही काट्यांना दुफळी-तिफळी टोकं असतात. भिंगाखाली बघण्याजोगी गोष्ट आहे.

हिडनोफायटमचं सगळं सैल. कंद साधारणपणे बिनकाट्याचा, सुरणासारखा ओबडधोबड. त्यातून एकाच ठिकाणाहून बऱ्याच बारीक फांद्या निघतात, त्यांना आणखी फाटे फुटतात, पेरं लांब आणि स्पष्ट, पानांच्या जोड्या अंतराअंतराने. ढाल नाही, झालर नाही. दूरवरून एक झुडूप बटाट्यावर उभं आहे असं वाटतं.

शंका उरली तर फळ. दोन्हींची फळं पिकली की नारिंगी-लाल, पाणीदार, आत चिकट गर. खाली पडलेलं एक पिकलं फळ तळहातावर दाबा आणि बिया मोजा. हिडनोफायटममध्ये साधारणपणे दोन, मिर्मेकोडियात त्याहून जास्त, बहुधा चार. मला ही परीक्षा सगळ्यात आवडायची, कारण शेवटी मोजायला मिळायचं. पण एका फळावर विसंबू नका, तीन-चार तरी दाबा. आणि चिकट बिया बोटांना लागल्या की त्या जवळच्या फांदीच्या खरबरीत सालीवर पुसून टाका. फुलटोच्या पक्षी तेच करतो: गर खातो आणि चिकट बी फांदीवर ठेवून जातो.

बाकीच्यांचं थोडक्यात. अँथोरायझा वंश फक्त न्यू गिनीच्या आग्नेय टोकाला आणि मिल्न बेच्या बेटांवर आहे. गोरोक्यात बसून त्याची शंका काढायचं कारण नाही. निळ्या फुलांचा मिर्मेफायटम दूर पश्चिमेला, इंडोनेशियाच्या बाजूच्या आर्फाक डोंगरात. स्क्वामेलारियाचं मुख्य घर फिजी. फिजीतल्या एका मुंगीवर शोमिकी आणि रेनर या संशोधकांनी २०१६ साली जे प्रसिद्ध केलं ते मात्र माहीत असावं: तिथली फिलिड्रिस नागासाउ ही मुंगी स्क्वामेलारियाच्या सहा जातींच्या बिया सालीच्या फटींत स्वतः पेरते आणि रोपाला खत घालते, म्हणजे अक्षरशः शेती करते. वाचून मीही गोरोक्यात शेतकरी मुंग्या शोधायला लागले होते. एका बेटावरचं दुसऱ्या बेटावर लादू नये, एवढं त्यातून शिकले.

खाली उतरून किनाऱ्यावरच्या लाए शहराच्या दिशेने उष्ण पट्ट्यात गेलात तर डिस्किडिया या वेलीच्या पिशवीसारख्या पानांत आणि लेकानोप्टेरिस नेच्याच्या पोकळ खोडात मुंग्या सापडतील. डिस्किडियाचं तुटलेलं पान रुईसारखा पांढरा चीक सोडतं आणि नेच्याच्या पानांखाली बीजुकांचे ठिपके असतात, त्यामुळे कॉफीवाल्यांशी गल्लत होत नाही.

मुंग्यांची परीक्षा

हात लावू नका, काठी लावा. फांदीवर, कंदावर नव्हे, दोन हलके ठोके द्या आणि मनात साठपर्यंत मोजा. खालच्या उष्ण भागात फिलिड्रिस मुंग्या असतील तर वीसपर्यंतही पोचणार नाही: कंदाचा रंगच बदलल्यासारखा सगळा पृष्ठभाग हलायला लागतो. वर डोंगरात बहुतेकदा अनॉनिकोमिर्मा या दुसऱ्या वंशाच्या मुंग्या भेटतात. दोन्ही चावतात, पण नांगी मारत नाहीत. चिरडल्या की उग्र वास येतो. तो वास शर्टाच्या बाहीला घरापर्यंत येतो, आणि बुबूंची नात मला बघून नाक मुरडायची.

मुंग्या दिसल्या की मोजणीपेक्षा दिशा महत्त्वाची. कुठल्या भोकातून काय आत जातंय आणि काय बाहेर येतंय? माझ्या आवडत्या कंदावर, वहीत तो क्रमांक ९ आहे, बुडाशी एक मोठं भोक आणि वरच्या बाजूला बारीक छिद्रांची रांग होती. ये-जा सगळी मोठ्या भोकातून. आत काय जात होतं ते भिंगातून पाहिलं: माशीचा अर्धा पंख, किड्याचे पाय, काहीतरी काळं चूर्ण. मेलेल्या किड्यांचा हा कचरा मुंग्या आत घेऊन का जातात, हे मला कंद उघडल्यावर कळलं.

आत बघताना

जिवंत कंद कापू नका. एकदाही नाही, ‘एकच बघू’ म्हणूनही नाही. वादळानंतर किंवा झाड तोडल्यावर पडलेले कंद मिळतात, ते पुरेसे आहेत. मला पहिला असा कंद बुबूंच्या बागेच्या कडेला मिळाला, पडलेल्या यारच्या फांदीवर. मुंग्या सोडून गेल्या होत्या. बुबूंनी आपल्या लांब कोयत्याने त्याचे उभे दोन भाग केले.

आत बोगदे. गुंतागुंतीचे, पण अंदाधुंद नाहीत. भिंती दोन प्रकारच्या, आणि हा फरक नुसत्या बोटालाही कळतो. काही खोल्या गुळगुळीत, फिकट तपकिरी, कडक, जणू आतून रोगण दिलेल्या. काही खोल्या गडद, आणि त्यांच्या भिंतींवर मोहरीहून बारीक पुटकुळ्या, खडबडीत. गुळगुळीत खोल्यांत मुंग्यांची अंडी-पिल्लं असतात. पुटकुळ्यांच्या खोल्या म्हणजे शौचकूप आणि उकिरडा. कॅमिला हक्सली या संशोधिकेने पापुआ न्यू गिनीत केलेल्या कामातून १९७८ साली हे पुढे आलं: किरणोत्सारी खूण लावलेली द्रव्यं पुटकुळ्यांच्या भिंतीतून झाडात शिरतात, गुळगुळीत भिंतीतून जवळजवळ नाहीत. म्हणजे त्या पुटकुळ्या मुळांचं काम करतात. फांदीवर बसलेल्या या झाडाला माती नाही, म्हणून त्याने उकिरडाच आत घेतला. क्रमांक ९ मध्ये माशीचा पंख कुठे चालला होता ते आता कळलं.

जिवंत कंदात एंडोस्कोप घालताना तीन गोष्टी. भोक नळीपेक्षा स्पष्टपणे मोठं असेल तरच घाला, ढकलून नाही. अर्ध्या मिनिटात बाहेर काढा, दिव्याने आत गोंधळ होतो. आणि नळी एका कंदातून थेट दुसऱ्यात नेऊ नका, मध्ये पुसून घ्या.

‘वारा तासोल’

आता तो घोटाळा. जुलै महिना होता, गोरोक्याच्या वरच्या धारेवर आम्ही सुमारे २,३०० मीटरला होतो. शेवाळात बुडालेला एक मोठा कंद, बिनकाट्याचा, बारीक फांद्यांचा, म्हणजे हिडनोफायटम. भोकं मात्र नेहमीपेक्षा मोठी, अंगठा जाईल एवढी. मी दोन तास बसले. काठीने ठोके दिले. काही नाही. बुबूंकडे बघितलं तर ते म्हणाले, ‘इ नोगत अनिस. वारा तासोल.’

‘नोगत अनिस’ म्हणजे मुंग्या नाहीत, एवढं कळलं. पुढचं मी मराठीतच ऐकलं: वारा. मला वाटलं, रिकामा आहे, आत नुसता वारा, असं म्हणतायत. मी वहीत लिहिलं, ‘मृत किंवा सोडलेला कंद, रिकामा’, आणि त्या धारेवर तसेच आणखी चार ‘रिकामे’ नोंदवून खाली आले.

टोक पिसिनमध्ये ‘वारा’ म्हणजे पाणी. ‘वारा तासोल’: नुसतं पाणी.

हे मला दोन आठवड्यांनी कळलं, तेही भांडी घासताना, शेजारणीने ‘वारा’ मागितलं तेव्हा. पुढच्या शनिवारी एंडोस्कोप घेऊन परत गेले. नळी आत गेली आणि पडद्यावर चित्र हललं, कारण ती पाण्यात शिरली होती. चहाच्या रंगाचं पाणी, तळाशी कुजलेली पानं. दुसऱ्या भोकातून वळवली तेव्हा पाण्याच्या वरच्या ओल्या भिंतीवर काहीतरी चमकलं. डोळा होता. सोनेरी कडेचा, माझ्याकडे रोखलेला. छोटा बेडूक. न्यू गिनीतल्या या छोट्या बेडकांच्या मोठ्या कुळात बेडूकमाशाची, म्हणजे शेपटीच्या पिल्लाची पायरीच नसते, अंड्यातून थेट इवलासा बेडूक बाहेर येतो. डबकं नसलेल्या धारेवर ओला कंद मिळाला की त्यांचं भागतं.

म्हणून उंचीचा हट्ट. वर चढत जाल तसे बिनमुंग्यांचे कंद वाढत जातात. न्यू गिनीच्या डोंगरातली हिडनोफायटम मिर्टिफोलियम ही जात तर यासाठीच माहीत आहे: मोठी भोकं, आत पावसाचं पाणी, मुंग्या नाहीत. ती मेलेली नसते, सोडलेलीही नसते. पानं टवटवीत, फळं धरलेली. मुंग्या बघून मुंगी-वनस्पती ओळखायला गेलात तर डोंगरातल्या अर्ध्या गोष्टीला मुकाल. त्या पाच कंदांची नोंद मी खोडली नाही, एक रेघ मारून बाजूला दुरुस्ती लिहिली. चुकीची नोंदही दिसायला हवी.

जमीन कुणाची आहे

पापुआ न्यू गिनीत बहुतांश जमीन, साधारण ९७ टक्के, पारंपरिक मालकीची आहे, म्हणजे कुळांची. रान ‘सरकारी’ समजून घुसू नका. धारेच्या अलीकडचं रान एका कुळाचं आणि पलीकडचं दुसऱ्याचं असतं, आणि सीमा फक्त त्यांनाच दिसते. आधी गावात जा, थोरांना भेटा, काय बघायचंय ते दुर्बीण त्यांच्या हातात देऊन दाखवा. वाटाड्याचे पैसे निघण्याआधी किनामध्ये, म्हणजे तिथल्या चलनात, ठरवा आणि परतल्यावर लगेच द्या. बुबू पैसे घ्यायचे नाहीत, म्हणून मी त्यांच्या नातवंडांचे पाढे घ्यायचे.

झाड, कंद, बी काहीही देशाबाहेर न्यायला परवाने लागतात, आणि साध्या बघ्याने त्या वाटेला जाऊच नये. बेटाच्या इंडोनेशियन बाजूला याच कंदाला ‘सारांग सेमुत’, मुंग्यांचं घर म्हणतात आणि वाळवून औषध म्हणून विकतात. त्यासाठी रानातून कंद उपसले जातात. फोटो लोकांना दाखवताना नेमकं ठिकाण लिहू नका. मी एकदा हौसेने धारेचं नाव सांगून बसले होते. दोन महिन्यांनी क्रमांक ९ च्या जागी फांदीवर फक्त मुळांचे व्रण होते. कुणी नेला ते कळलं नाही. सांगितलं मीच होतं.

नोंद कशी करायची

फोटो ठरलेल्या क्रमाने काढा, म्हणजे विसरत नाही: पूर्ण झाड यजमानासकट, कंद, भोकं काठीच्या खुणांसह, खोडाचा मधला भाग, पानाच्या बुडाचं उपपर्ण, फूल, फळ. जाणकाराला जात सांगायला खोडाचा आणि उपपर्णाचा फोटो लागतो, आणि नेमके तेच कुणी काढत नाही. ज्या जातीबद्दल खात्री नाही तिथे वंशावर थांबा. माझ्या वहीत ‘हिडनोफायटम, जात नक्की नाही’ ही ओळ कितीतरी वेळा आहे आणि मला तिची लाज वाटत नाही.

‘मुंग्या’ या रकान्यात हो किंवा नाही लिहू नका. किती वेळ बघितलं, किती वाजता, ऊन होतं का, ठोका दिला का, ते लिहा. त्याच्याशेजारी ‘आत काय’ असा वेगळा रकाना ठेवा. माझ्या वहीत तो जुलैनंतर आला, पट्टीने ओढलेला, बाकीच्या रकान्यांहून अरुंद. त्यातली पहिली नोंद अशी आहे:

‘क्र. १७. यजमान दक्षिणी बीच, जमिनीपासून ४ मी. उंची २,३१० मी. (दगडाशी जुळवून). बिनकाट्याचा, फांद्या ११, भोकं ३, सगळ्यात मोठं २.५ सेंमी. सकाळी ९:१० ते १२:०५, ऊन पाऊण तास, ठोके दोनदा. अनिस नोगत. वारा, साधारण निम्म्यापर्यंत. बेडूक १.’